माणूस, माणूस नाही, नक्की नाही

दीपनगरच्या धुराड्यांखाली
राखेचा बुधवार वेगळा काय कळणार?
इथं वर्षभर राख पडते,
दोरीवरच्या ओढणीवर, केळीच्या पानांवर,
स्कूटीच्या सीटवर बोटानं नाव लिहिता येईल इतकी.
तरी गेले. रांगेत उभी राहिले.
फादर बोनाव्हेंचरनी कपाळाला अंगठा टेकवला:
‘माती आहेस, मातीला मिळशील.’
मनात आलं, फादर, वरून पाहिलं तर
तेवढंही दिसत नाही.

मला माहीत आहे. मी वरूनच बघते.
जामनेर रोडला, मोबाइलच्या दुकानावर,
सात जणी, सात स्क्रीन, एक पंखा.
चित्र येतं: कुठलं तरी गाव, छपरं, गल्ल्या,
शेंगदाण्याएवढ्या सावल्या.
माउसनं चौकोन ओढायचा, तिनातलं एक निवडायचं:
माणूस. माणूस नाही. नक्की नाही.
चौकोनामागं तीस पैसे.
‘नक्की नाही’ला पैसे नाहीत.
म्हणून आमचं सगळं नक्की असतं.

चैत्रामभाऊंना विचारलं, हे कशासाठी?
‘पूर मोजायला असेल, नाहीतर शेती.’
नसीम म्हणाली, पूर कुठंय? सगळी अंगणं कोरडी आहेत.
‘काम वरून येतं,’ ते म्हणाले.
खरंच, त्यांच्याही वर कुणीतरी आहे, त्याच्याही वर कुणी.
पायऱ्या इतक्या, की खाली पोचेस्तोवर
कुणाचंच बोट उरत नाही.

माझा मामा वरणगावला काडतुसं तपासायचा.
तीस वर्षं. पितळ चिरलंय का, तोंड वाकलंय का.
दर शनिवारी कन्फेशनला जायचा,
दारूचं सांगायचा, शिव्यांचं सांगायचा,
काडतुसांचं कधी नाही.
‘ते काम आहे. काम पाप कसं?’
माझी कॉलेजची फी त्यानंच भरली.

आदल्या दिवशी एक गच्ची आली.
पांढऱ्या गोल ठिपक्यांच्या ओळी, आठ बाय पाच,
कडेला एक वाकलेली सावली, हातात काहीतरी लांब.
मला ठाऊक होतं ते काय आहे.
आमच्या गच्चीवर आई तशीच बसते,
पापड घालून, कावळ्यांना काठी दाखवत.
‘हातात काय’ या रकान्यात दोनच शब्द: शस्त्र, अन्य.
मी ‘अन्य’ निवडलं. वरून परत आलं, लाल होऊन:
मशीनच्या मते शस्त्र. दुरुस्त करा.
मी दुरुस्त केलं.
तीस पैसे.

जाळीपलीकडून फादर बराच वेळ बोलले नाहीत.
मग म्हणाले, युद्धाबद्दल चर्चकडं पुष्कळ कागद आहेत,
कधी न्याय्य, कधी नाही, किती अटी.
मला विचारशील तर, पोरी, इतकंच:
मारण्याआधी कुणा माणसानं नीट पाहिलेलं असावं,
आणि त्याला नाही म्हणता यावं.
‘मी पाहिलं होतं, फादर.’
‘म्हणून तर तू आलीस. मशीन रांगेत नाही.’

प्रायश्चित्त म्हणून जपमाळ सांगितली नाही.
‘जे दिसतं तेच लिही. पैसे कापले तरी.’
ह्यांना काय, ह्यांच्या खोलीचं भाडं धर्मप्रांत भरतो,
असं वाटलं, आणि ते वाटलेलंही सांगून टाकलं.
ते खोकले. म्हणाले, खरं आहे.

आता ‘शेरा’ नावाच्या रकान्यात,
जो कुणी वाचत नाही, मी लिहिते:
पापड राखतेय.
पोर कडेवर आहे.
झोपलाय, उन्हाकडं पाठ करून.
दिवसाला सहाशे चौकोन व्हायचे, आता नव्वद.
नसीमनंही सुरू केलंय. दुर्वाला जमणार नाही,
तिच्या भावाचं डायलिसिस चालू आहे,
तिला आम्ही काही म्हणत नाही.
चैत्रामभाऊ दाराशी उभे राहून नुसती मान हलवतात.
महिनाअखेर बघू.

संध्याकाळी गच्चीवर गेले.
शेजारीण कठड्यावरून विचारत होती,
‘काय करी ऱ्हायनी वं?’
आई पापडांवरची राख फुंकत होती,
एकेक, दोन्ही बाजूंनी.
मी तिच्या हातातली काठी घेतली
आणि आडवी ठेवली, भिंतीच्या सावलीत.
वर, खूप वर, काहीतरी फिरत होतं.
घार असेल.
नक्की नाही.